स्मारक नाणी आणि त्यांचा विषयवार संग्रह

नाणे हे मुख्यतः व्यवहाराचे साधन होय. ते एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि त्यावर काय कोरले आहे याकडे घेणारा किंवा देणारा सहसा लक्ष देत नाही. तथापि राजाज्ञा, शिलालेख किंवा ग्रंथ जेथे पोहोचत नाहीत तेथेही नाणे पोहोचते, ही गोष्ट राज्यकर्त्यांच्या ध्यानी फार प्राचीन काळीच आली होती. म्हणून एखादा विजय, राज्यारोहण, यज्ञ किंवा थोर पुरुषाचे स्मरण लोकांच्या मनात ठसवावयाचे असेल, तर त्याची खूण नाण्यावर उमटविण्याची प्रथा पडली. अशा विशेष प्रसंगानिमित्त पाडलेल्या नाण्यास ‘स्मारक नाणे’ म्हणतात. पदकही स्मरणार्थच पाडतात; परंतु त्याला चलनाचे मूल्य नसते. स्मारक नाण्यावर मूल्य अंकित असते आणि त्याच्यामागे राज्यसत्तेचा अधिकार उभा असतो. हाच या दोहोंतील मुख्य भेद होय.

जगातील बहुतेक सर्व देश आज स्मारक नाणी काढतात व असंख्य लोक ती जमवितात. जमविलेली नाणी केव्हा निव्वळ ढीग ठरतात आणि केव्हा त्यांतून ज्ञान मिळते, हा प्रश्न मात्र प्रत्येक संग्राहकाने स्वतःला विचारावयास हवा. त्याचे उत्तर शोधण्यास वाराणसी हे नगर फार सोयीचे आहे. १९१० साली अलाहाबाद येथे स्थापन झालेल्या भारतीय नाणकशास्त्र परिषदेचे कार्यालय पुढे येथील काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात आले. त्याच आवारातील भारत कला भवन या संग्रहालयात प्राचीन नाण्यांचा मोठा संग्रह आहे. आणि भारतीय नाण्यांच्या अभ्यासाला शिस्त लावणारे एक मराठी विद्वान याच विश्वविद्यालयात अनेक वर्षे अध्यापन करीत होते.

अश्वमेधाचे नाणे

वाराणसीच्या दशाश्वमेध घाटाच्या नावात ज्या यज्ञाची आठवण राहिली आहे, त्याच यज्ञाची आठवण चौथ्या शतकातील एका सोन्याच्या नाण्यावर आढळते. गुप्तसम्राट समुद्रगुप्ताच्या या नाण्याच्या पुरोभागी यूपाजवळ, म्हणजे यज्ञस्तंभाजवळ, उभा असलेला घोडा आहे. पृष्ठभागी हाती चवरी घेतलेली राणी असून ‘अश्वमेधपराक्रमः’ असे बिरुद कोरलेले आहे. समुद्रगुप्ताचा नातू कुमारगुप्त यानेही या प्रकारची नाणी पाडली. या नाण्यांचा प्रसंग त्यांच्या चित्रावरून आणि लेखावरून निश्चित होतो. त्यांच्याविषयी विद्वानांत फारसा मतभेद नाही.

सर्वच नाणी इतकी स्पष्ट बोलत नाहीत. गुप्तांच्या दुसऱ्या एका सुवर्णनाण्यावर राजा व राणी समोरासमोर उभी असून ‘चंद्रगुप्त’ आणि ‘कुमारदेवी’ अशी नावे आहेत. मागील बाजूस सिंहावर बसलेली देवी आणि ‘लिच्छवयः’ हा शब्द आहे. पहिल्या चंद्रगुप्ताने लिच्छवी कुळातील कुमारदेवीशी विवाह केला व समुद्रगुप्त हा त्यांचा पुत्र. मग हे नाणे कोणी पाडले? ब्रिटिश म्यूझियममधील गुप्त नाण्यांची सूची १९१४ साली प्रसिद्ध करणारे जॉन अॅलन यांचे म्हणणे असे, की हे समुद्रगुप्ताने मातापित्यांच्या स्मरणार्थ पाडलेले स्मारक नाणे होय. समुद्रगुप्ताची नेहमीची नाणी कुशाण नाण्यांच्या फार जवळची आहेत. राजा-राणीच्या नाण्याची घडण त्यांहून स्वतंत्र आहे. अनुकरण आधी आणि स्वतंत्र निर्मिती नंतर, असा क्रम स्वाभाविक असल्यामुळे हे नाणे मागाहूनचे असले पाहिजे, असा त्यांचा तर्क होता.

या तर्काला डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांनी उत्तर दिले. अळतेकरांचा जन्म १८९८ साली कोल्हापूर जिल्ह्यातील म्हाकवे येथे झाला. काशी हिंदू विश्वविद्यालयात ते प्राचीन भारतीय इतिहास व संस्कृती या विषयाचे प्राध्यापक होते. त्यांनी तुलनेसाठी बॅक्ट्रियाचा ग्रीक राजा अगाथोक्लीझ याची नाणी पुढे ठेवली. अगाथोक्लीझने अलेक्झांडर व इतर पूर्वसूरींच्या स्मरणार्थ नाणी पाडली. परंतु त्यांवर स्मरण केलेल्या राजाबरोबर स्वतःचे नावही घातले. स्मारक नाणे काढणारा स्वतःला विसरत नाही. चंद्रगुप्त-कुमारदेवी नाण्यावर समुद्रगुप्ताचे नाव कोठेच नाही. तेव्हा हे नाणे पहिल्या चंद्रगुप्तानेच पाडले, असा अळतेकरांचा निष्कर्ष होता. या प्रश्नावर पुढेही चर्चा चालू राहिली. येथे निर्णयापेक्षा पद्धती महत्त्वाची आहे. नाण्यावर काय आहे हे एकाने बारकाईने पाहिले, तर काय असावयास हवे होते आणि नाही हे दुसऱ्याने पाहिले.

बयाना येथील ठेव

अळतेकरांच्या हाती १९४६ साली अभ्यासाची एक अपूर्व सामग्री आली. भरतपूर संस्थानातील बयाना या गावाजवळ गुप्तकालीन सोन्याच्या नाण्यांनी भरलेले तांब्याचे भांडे सापडले. गुप्त सुवर्णनाण्यांची एवढी मोठी ठेव पूर्वी कधी मिळाली नव्हती. अधिकाऱ्यांच्या ताब्यात येण्यापूर्वीच त्यांतील काही नाणी वितळविली गेली. तरीही १८२१ नाणी वाचली. अळतेकरांनी त्यांतील प्रत्येक नाणे तपासून १९५४ साली सूची प्रसिद्ध केली. गुप्तसाम्राज्याच्या नाण्यांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९५७ साली परिषदेनेच प्रकाशित केला.

या सूचीतील आकडे पाहण्यासारखे आहेत. पहिल्या चंद्रगुप्ताची १०, समुद्रगुप्ताची १८३, काचगुप्ताची १६, दुसऱ्या चंद्रगुप्ताची ९८३, कुमारगुप्ताची ६२८ आणि अळतेकरांनी स्कंदगुप्ताचे मानलेले १. कुमारगुप्ताची नाणी सहाशेंवर आणि त्याच्या वारसाचे अवघे एक, यावरून ही ठेव कुमारगुप्ताच्या राज्याच्या अखेरीनंतर लवकरच, म्हणजे पाचव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास पुरली गेली असावी, असे अनुमान निघते. हे अनुमान कोणत्याही एका नाण्यावर लिहिलेले नाही. ती सर्व नाणी एकत्र मिळाली आणि एकत्र मोजली गेली, म्हणूनच ते शक्य झाले. तीच नाणी बाजारात सुटी विकली गेली असती, तर १८२१ सुंदर वस्तू उरल्या असत्या. परंतु त्यांनी मिळून सांगितलेली हकीकत नाहीशी झाली असती. जी वितळली, त्यांत कोणाची किती होती हे आता कोणालाही सांगता येणार नाही. संग्रहाचे मूल्य नोंदीत असते, ते असे.

नाव एकाचे, सत्ता दुसऱ्याची

नाण्यावरील मजकूर नेहमीच अक्षरशः खरा मानता येत नाही, याचा दाखलाही वाराणसीतच मिळतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस येथील टाकसाळ ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती होती. परंतु रुपयावर नाव होते मोगल बादशहा दुसरा शाह आलम याचे आणि टाकसाळीचे नाव ‘मुहम्मदाबाद बनारस’ असे. कंपनीने मोगल बादशहाचे नाव आपल्या नाण्यांवरून १८३५ साली काढले. त्यापूर्वी १८०६ सालीच शाह आलमचे निधन झाले होते. नाण्यावरून सत्तेचे अनुमान करताना किती सावध राहावे लागते, हे यावरून दिसेल.

याच टाकसाळीत १८२० ते १८३० या काळात जेम्स प्रिन्सेप हे धातुपरीक्षक होते. धातूचे वजन व कस पारखण्याच्या कामात बाणलेली काटेकोर दृष्टी त्यांनी पुढे जुन्या नाण्यांकडे व लेखांकडे वळविली. टाकसाळ बंद झाल्यावर ते कलकत्त्यास गेले. ग्रीक व भारतीय अशा दोन लिप्यांतील लेख असलेल्या नाण्यांचा खरोष्ठी लिपीच्या उलगड्यासाठी त्यांना मोठा उपयोग झाला, आणि १८३७ साली त्यांनी ब्राह्मी लिपीचे कोडे सोडविले. अशोकाचे लेख त्यानंतर वाचता येऊ लागले.

इतर देशांतील स्मारक नाणी

स्मारक नाणे घटना सांगते, तसेच ते काढणाऱ्याची बाजूही सांगते. ज्यूलिअस सीझरचा इ. स. पू. ४४ मध्ये वध झाल्यानंतर मारेकऱ्यांपैकी ब्रूटस याने एक चांदीचे नाणे पाडले. त्यावर दोन खंजीर, मध्ये दास्यमुक्तीची खूण असलेली टोपी आणि वधाची तिथी आहे. सीझरच्या पक्षाला जो खून वाटत होता, तो नाण्याने स्वातंत्र्याचा विजय म्हणून मिरविला. अकबराने १६०१ साली खानदेशच्या सीमेवरील असीरगड घेतला, त्याचे स्मारक म्हणून पाडलेल्या सोन्याच्या मोहरेवर ससाणा आहे. किल्ला गमावणाऱ्या फारुकींच्या दृष्टीने त्या पक्ष्याचा अर्थ काय असेल, हे वाचकाने ठरवावे.

आधुनिक काळात स्मारक नाण्यांचा विस्तार झाला. अमेरिकेचे पहिले स्मारक नाणे १८९२ साली, कोलंबसच्या प्रवासाला चारशे वर्षे झाल्यानिमित्त भरणाऱ्या शिकागोच्या प्रदर्शनासाठी निघाले. अर्ध्या डॉलरचे ते नाणे एका डॉलरला विकले जात असे. छापील मूल्याहून अधिक किंमत घेऊन एखाद्या कार्यासाठी निधी उभा करण्याची रीत तेथे रुळली. हेल्सिंकी येथील १९५२ च्या ऑलिंपिक सामन्यांसाठी फिनलंडने ५०० मार्काचे चांदीचे नाणे काढले, आणि १९६४ साली टोकिओच्या सामन्यांसाठी जपानने. कॅनडाने १९६७ साली राष्ट्राच्या शताब्दीनिमित्त सेंटपासून डॉलरपर्यंतच्या नेहमीच्या नाण्यांवर कबूतर, ससा, मासा, रानमांजर, लांडगा व हंसजातीय पक्षी असे प्राणी कोरले. अमेरिकेने १९९९ ते २००८ या दहा वर्षांत दरवर्षी पाच याप्रमाणे पन्नास राज्यांची पाव डॉलरची नाणी काढली. युरो चलनातील पहिले दोन युरोचे स्मारक नाणे २००४ साली ग्रीसने अथेन्सच्या ऑलिंपिकनिमित्त काढले. त्यावर थाळीफेक करणारा प्राचीन खेळाडू आहे.

स्वतंत्र भारतातील नाणी

स्वतंत्र भारताची पहिली स्मारक नाणी १९६४ साली पंडित जवाहरलाल नेहरूंच्या निधनानंतर, पन्नास पैसे व एक रुपया या मूल्यांत निघाली. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली वीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया व दहा रुपये अशी चार नाणी काढण्यात आली. त्यांतील दहा रुपयांचे नाणे १५ ग्रॅम वजनाचे असून त्यात शेकडा ८० चांदी आहे.

तेव्हापासून दोन प्रकार चालत आले आहेत. काही स्मारक नाणी नेहमीच्या मूल्यांत निघतात व बाजारात फिरतात. काही केवळ संग्राहकांसाठी संचरूपाने, छापील मूल्याहून अधिक किमतीस विकली जातात. महाराष्ट्रातील वाचकांना पहिल्या प्रकारची अनेक उदाहरणे परिचित असतील : डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१९९०) व संत ज्ञानेश्वर (१९९९) यांची एक रुपयाची, छत्रपती शिवाजी महाराज (१९९९) व संत तुकाराम (२००२) यांची दोन रुपयांची आणि लोकमान्य टिळकांचे (२००७) पाच रुपयांचे नाणे. वाराणसीशी संबंधित नाण्यांचाही एक लहान संग्रह होऊ शकतो. काशी विद्यापीठात शिकलेले लालबहादूर शास्त्री (२००४), काशी हिंदू विश्वविद्यालयाचे संस्थापक पंडित मदनमोहन मालवीय (२०११) आणि त्या विश्वविद्यालयाची शताब्दी (२०१६) या तिन्ही निमित्तांनी नाणी निघाली आहेत. त्यांच्या शेजारी ‘मुहम्मदाबाद बनारस’चा एखादा रुपया ठेवला, की एकाच नगराची दोन शतके समोर येतात.

विषयाची निवड

जगातील सर्व स्मारक नाणी जमविणे कोणालाही शक्य नाही. म्हणून संग्राहकाने एक विषय निवडावा : पक्षी, पूल, वैज्ञानिक, खेळ, एखादे नगर. विषय म्हणजे वस्तुतः एक प्रश्न असावा. ‘अन्न’ या विषयाचे उदाहरण घेऊ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९६८ साली निरनिराळ्या देशांना अन्नविषयक नाणी काढण्यास प्रोत्साहन देणारी योजना सुरू केली. भारताने १९७० साली या योजनेत ‘सर्वांसाठी अन्न’ या घोषणेचे कमळ असलेले वीस पैशांचे नाणे काढले. यानंतरच्या नाण्यांवरील घोषणा क्रमाने लावून पाहाव्यात. १९७३ साली अधिक धान्य पिकविण्याची, १९७४ साली नियोजित कुटुंबाची, १९८० साली ग्रामीण स्त्रियांच्या उन्नतीची, १९८६ साली मत्स्यव्यवसायाची, १९८७ साली लहान शेतकऱ्यांची आणि १९८८ साली कोरडवाहू शेतीची घोषणा आढळते. आरंभी विचार होता तो पिकाच्या राशीचा. मग खाणाऱ्या तोंडांचा विचार आला, नंतर राबणाऱ्या हातांचा, आणि शेवटी पावसावर अवलंबून असणाऱ्या जमिनीचा. शासनाची दृष्टी अठरा वर्षांत कशी पालटत गेली, हे मूठभर स्वस्त नाण्यांतून दिसते. त्यांपैकी पंचवीस पैसे व त्याखालील मूल्याची नाणी २०११ सालापासून चलनातून बाद झाली. परंतु त्यांची साक्ष बाद झालेली नाही. प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी या घोषणा खऱ्या ठरल्या किंवा कसे, हे नाणी सांगत नाहीत. ते पाहण्यासाठी पीकपाण्याचे आकडे त्यांच्याशेजारी मांडावे लागतील. चांगल्या संग्रहाने संग्राहकाला ग्रंथालयाकडे पाठवावे, ते याचसाठी.

नाण्याची परीक्षा

शाळेच्या प्रयोगशाळेत नाण्याची परीक्षा इजा न करता करता येते. पहिले साधन लोहचुंबक. १९६४ व १९६९ ची एक रुपयाची स्मारक नाणी शुद्ध निकेलची असल्यामुळे चुंबकाकडे ओढली जातात. तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूची नाणी ओढली जात नाहीत. मात्र पुढील काळातील पोलादी नाणीही ओढली जातात. म्हणून चुंबकाच्या जोडीस साल व वजन पाहावे.

दुसरे साधन विशिष्ट गुरुत्व. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखविणाऱ्या काट्यावर प्रथम नाणे तोलावे. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा आणि नाणे दोऱ्याने पाण्यात अधांतरी बुडवावे. ते तळाला किंवा बाजूंना लागता कामा नये. आता काटा जे वजन दाखवील, तितके पाणी नाण्याने बाजूस सारले आहे. पहिल्या वजनाला दुसऱ्याने भागले, की विशिष्ट गुरुत्व मिळते. गांधी शताब्दीचे दहा रुपयांचे चांदीचे नाणे १५ ग्रॅमचे आहे. चांदी व तांबे यांच्या प्रमाणावरून त्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १०.१ यावयास हवे, म्हणजे काट्याने सुमारे १.४८ ग्रॅम दाखविले पाहिजेत. तेवढ्याच वजनाची तांबे-निकेलची नक्कल असेल, तर काटा सुमारे १.६९ ग्रॅम दाखवील. फरक पाव ग्रॅमहूनही कमी. परंतु तो पकडता येतो. उत्तरकालीन गुप्त राजांच्या सुवर्णनाण्यांतील सोने कसे घटत गेले, हे शोधण्यासाठी संशोधकांनी हेच तत्त्व वापरले आहे.

टाकसाळीची खूण वर्षाच्या आकड्याखाली किंवा जवळपास असते. मुंबईची खूण चौकट, हैदराबादची तारा, नॉयडाची ठिपका. कलकत्त्याच्या नाण्यावर खूण नसते. एकाच प्रसंगाची नाणी कोणकोणत्या टाकसाळींत पडली, हे यावरून कळते.

जतन आणि नोंद

जुने नाणे चिंच, राख किंवा लिंबू लावून कधीही घासू नये. त्याने नाणे चकचकीत होते, पण पृष्ठभागाचा थर व बारीक रेषा कायमच्या जातात. नाणे कडेने धरावे, कोरड्या जागी व आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवावे. मऊ प्लॅस्टिकच्या काही पिशव्यांतून कालांतराने चिकट द्रव सुटतो व नाण्यावर हिरवट डाग पडतात, म्हणून त्या टाळाव्यात.

प्रत्येक नाण्यासाठी एक कार्ड करावे. त्यावर देश, मूल्य, साल, टाकसाळ, धातू, वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे वर्णन, प्रसंग आणि नाणे कोठून, केव्हा व कोणाकडून मिळाले, या गोष्टी लिहाव्यात. शेवटचा रकाना बहुधा रिकामा राहतो. वस्तुतः तोच अधिक मोलाचा असतो, कारण बाकीची माहिती नाण्यावरून केव्हाही काढता येते.

जमिनीत नाणी सापडल्यास काय करावे, हे शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक असावे. भूमिगत ठेवीसंबंधीच्या १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मूल्याची ठेव सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तूंत मोडतात व ती खाजगीरीत्या देशाबाहेर पाठविता येत नाहीत. सापडलेली नाणी वाटून घेऊ नयेत, घासू नयेत, वितळवू नयेत. भांडे व जागा जशीच्या तशी राखावी.

नाण्यांच्या अभ्यासाची सोय महाराष्ट्रातही आहे. काशी हिंदू विश्वविद्यालयात संशोधन केलेले नाणकशास्त्रज्ञ परमेश्वरीलाल गुप्त यांनी के. के. माहेश्वरी यांच्या सहकार्याने १९८० साली नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्र संशोधनसंस्था उभारली. तेथील संग्रहालय विद्यार्थ्यांनी पाहावे. परंतु आरंभासाठी इतके दूर जाण्याचीही गरज नाही. घरातील सुट्या पैशांच्या डब्यात एखादे स्मारक नाणे बहुधा सापडते. ते कोणी, कशासाठी आणि कोणाला काय सांगण्यासाठी काढले, हा प्रश्न एका कार्डावर लिहून त्याचे उत्तर शोधू लागले, की संग्रहास सुरुवात झाली असे समजावे.